ट्रेलर ओढण्यासाठी फुल-साइज पिकअप: अमेरिकेतील नवख्यांसाठी

अमेरिकेत स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांत एक टप्पा असा येतो की राष्ट्रीय उद्यानांजवळची हॉटेले महाग वाटू लागतात, मुले तंबूला कंटाळतात आणि शेजाऱ्याच्या दारातला ट्रॅव्हल ट्रेलर खुणावू लागतो. मग शनिवारी सकाळी घरातली सगळी मंडळी पिकअप ट्रक पाहायला डीलरकडे जातात. ट्रेलर कोणता घ्यायचा हे तोवर ठरलेले नसते. हा क्रम उलटा आहे आणि मीही तो तसाच उलटा केला होता, म्हणून हा लेख त्या चुकीच्या अनुभवावर आधारलेला आहे.

भारतात पिकअप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बोलेरो पिकअप किंवा ‘छोटा हत्ती’ येतो, म्हणजे माल वाहणारी गाडी. अमेरिकेतला फुल-साइज पिकअप हे पाच-सहा माणसांचे घरगुती वाहनही असते आणि ओढणारे जनावरही असते. फोर्डची एफ-मालिका १९७७पासून तिथला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे, यावरून त्याचे तिथल्या जीवनातले स्थान कळावे. फोर्ड एफ-१५०, शेव्रोले सिल्व्हराडो १५००, जीएमसी सिएरा १५००, रॅम १५०० आणि टोयोटा टुंड्रा हे ट्रक ‘हाफ-टन’ म्हणून ओळखले जातात. त्यांच्या वरच्या वर्गात एफ-२५० किंवा २५०० क्रमांकाचे ‘थ्री-क्वार्टर-टन’ आणि त्याहून वर एफ-३५० किंवा ३५०० क्रमांकाचे ‘वन-टन’ ट्रक येतात. ही नावे जुन्या काळातील वहनक्षमतेवरून पडलेली आहेत आणि आज ती केवळ वर्ग ओळखण्यापुरती उरली आहेत. आजचा हाफ-टन ट्रक अर्ध्या टनाहून बराच अधिक भार उचलतो.

पहिली पायरी: आधी ट्रेलर ठरवावा

ट्रेलरच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेले वजन बहुधा ‘ड्राय वेट’ असते, म्हणजे टाकीत पाणी नाही, कपाटांत भांडी नाहीत, पलंगांवर अंथरूण नाही अशा रिकाम्या ट्रेलरचे वजन. त्या वजनाने कोणीही कधी सहलीला जात नाही. एक गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांहून थोडे अधिक भरते, तेव्हा चाळीस गॅलनची टाकी भरली की नुसत्या पाण्याचेच सुमारे ३३० पौंड होतात. त्यात बॅटरी, गॅसचे सिलिंडर, खुर्च्या, किराणा आणि कपडे मिळवावेत. म्हणून हिशेबासाठी ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात बाहेरून लावलेली पट्टी पाहावी आणि तिच्यावरचे जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या ट्रेलरचे कमाल मान्य वजन, हाच आकडा धरावा. ट्रेलर इतका भरणार नाही असे आज वाटले तरी दोन वर्षांत तो त्याच्या जवळपास भरतोच.

चार माणसांच्या कुटुंबासाठी साधारण २४ ते २८ फुटी ट्रेलर निवडला जातो आणि भरल्यावर तो बहुधा ६,००० ते ८,००० पौंडांपर्यंत जातो. पुढचा सारा विचार हा आकडा हाती धरून करायचा आहे.

दुसरी पायरी: ओढणे आणि उचलणे यांतला फरक समजून घ्यावा

ट्रकच्या जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा ओढण्याच्या क्षमतेचा असतो: ११,००० पौंड, १३,००० पौंड वगैरे. हा आकडा खोटा नसतो. २०१०च्या दशकात बड्या ट्रक कंपन्यांनी एकेक करून ओढण्याची क्षमता मोजण्याचे एसएई जे२८०७ हे समान मानक स्वीकारले. टोयोटाने ते २०११च्या टुंड्रापासून सर्वांआधी लागू केले. त्यातील एका चाचणीत ॲरिझोनातील डेव्हिस डॅमजवळचा ११.४ मैलांचा चढ ट्रेलरसह, एअर कंडिशनर पूर्ण चालू ठेवून, ठरावीक किमान वेगाने चढून जावा लागतो. परंतु या चाचणीत हाफ-टन ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांचा चालक आणि एक प्रवासी एवढीच माणसे गृहीत धरलेली असतात. मागच्या आसनावरची मुले, त्यांच्या सायकली आणि आजी-आजोबा त्या आकड्यात बसत नाहीत.

ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे त्यांना पुढची गोष्ट सांगायला वेळ लागणार नाही. बैल गाडी किती ओढतो हे एक आणि त्याच्या मानेवर जुवाचा भार किती पडतो हे दुसरे. माल मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पुढे जास्त भरला तर तोच भार बैलाच्या मानेवर बसतो. ट्रेलरचेही नेमके असेच आहे. ट्रेलरचा पुढचा दांडा ट्रकच्या मागच्या गोळ्यावर टेकतो आणि त्या गोळ्यावर खाली दाबणाऱ्या वजनाला ‘टंग वेट’ म्हणतात. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरचे टंग वेट त्याच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावे लागते. ते याहून कमी झाले तर ट्रेलर उलाळ झालेल्या गाडीसारखा वागतो आणि महामार्गावर डुलू लागतो, जे जिवावर बेतू शकते. त्यामुळे टंग वेट कमी करून ट्रकवरचा भार वाचवण्याची पळवाट येथे नाही. फिफ्थ-व्हील प्रकारच्या ट्रेलरचा दांडा ट्रकच्या हौद्यात बसतो आणि त्याचा भार सुमारे १५ ते २५ टक्के असतो. म्हणूनच असे मोठे ट्रेलर सहसा हाफ-टनच्या वाट्याला जात नाहीत.

गोळ्यावरचे हे वजन ट्रक ‘ओढत’ नाही, ‘उचलतो’. ते त्याच्या पेलोडमधून, म्हणजे ट्रक स्वतःच्या अंगावर वाहू शकतो त्या भारातून, वजा होते, आणि हाफ-टन ट्रकमध्ये ओढण्याची क्षमता संपण्याच्या पुष्कळ आधी पेलोड संपतो. या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवावे.

तिसरी पायरी: दाराच्या खांबावरची पट्टी वाचावी

चालकाचे दार उघडले की खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगांची एक छोटी पट्टी चिकटवलेली दिसते. टायरमधल्या हवेच्या दाबाबरोबर तिच्यावर एक वाक्य असते, ज्याचा अर्थ असा की प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक किलो किंवा अमुक पौंडांपेक्षा अधिक असू नये. त्या विशिष्ट ट्रकचा, म्हणजे तुमच्यासमोर उभ्या असलेल्या नेमक्या त्याच गाडीचा, पेलोड तो. माहितीपत्रकातला पेलोड त्या मॉडेलच्या सर्वांत हलक्या, सुखसोयी नसलेल्या गाडीचा असतो. काचेचे मोठे छप्पर, विजेवर सरकणारी आसने, चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा, मोठी चाके अशी एकेक चैन वाढत गेली की ट्रकचे स्वतःचे वजन वाढते आणि तेवढाच पेलोड घटतो. एकाच आवारात शेजारीशेजारी उभ्या असलेल्या एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत चारशे पौंडांचा फरक मी स्वतः वाचलेला आहे, आणि महाग ट्रकचाच पेलोड कमी होता.

माझ्या पहिल्या ट्रकचा हिशेब येथे जसाच्या तसा मांडतो. विक्रेत्याने ११,००० पौंड ओढण्याची क्षमता सांगितली होती आणि आमचा ट्रेलर भरल्यावर ७,००० पौंडांचा होता, म्हणजे क्षमतेचा दोन-तृतीयांशही नाही. दारावरची पट्टी पाहण्याचे कोणी सुचवले नाही आणि मलाही सुचले नाही. पट्टीवरचा पेलोड होता १,५५० पौंड. ट्रेलरचे १३ टक्के टंग वेट म्हणजे ९१० पौंड. आम्ही दोघे आणि दोन मुले मिळून ४५० पौंड, कारण पट्टीवरच्या आकड्यात चालकही मोजायचा असतो. हिचचे, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या साहित्याचे, लोखंड ९० पौंड. हौद्यात छोटा जनरेटर, सायकली, बर्फाची पेटी आणि जळाऊ लाकडे मिळून २०० पौंड. बेरीज १,६५० पौंड झाली. ओढण्याच्या क्षमतेत चार हजार पौंडांची सवड असलेला ट्रक उचलण्याच्या बाबतीत शंभर पौंडांनी ओलांडलेला होता, आणि हे आम्हाला पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटी कळले.

म्हणून ट्रक पाहायला जाताना कागदावर ही बेरीज करून न्यावी, मोबाइलमध्ये प्रत्येक ट्रकच्या पट्टीचा फोटो घ्यावा आणि बेरजेच्या वर किमान दोनशे पौंडांची मोकळीक असलेलाच ट्रक निवडीच्या यादीत ठेवावा. विक्रेता ‘सगळेच असे ओढतात’ असे म्हणाला तर हसून पुढच्या ट्रककडे वळावे. त्याच पट्टीजवळ दुसरी एक पट्टी असते. तिच्यावर ट्रकचे कमाल मान्य एकूण वजन आणि पुढच्या व मागच्या आसाची स्वतंत्र मर्यादा असते. तिचाही फोटो घ्यावा, तो पुढे वजनकाट्यावर लागणार आहे.

बेरीज १,८०० पौंडांच्या पुढे जात असेल तर हाफ-टनमध्ये तसा पेलोड असलेला ट्रक शोधून सापडतो, पण शोधावा लागतो. दोन हजारांच्या पुढे गेली तर थ्री-क्वार्टर-टन पाहावा. त्यातही एक खोच आहे: डिझेल इंजिन वजनाने पुष्कळ जड असते, त्यामुळे डिझेलच्या सजवलेल्या २५००चा पेलोड पेट्रोलच्या साध्या २५००पेक्षा बराच कमी भरतो. ट्रक अंगाने मोठा दिसला म्हणून पट्टी वाचण्यातून सुटका होत नाही.

चौथी पायरी: इंजिन, आस, केबिन आणि हौदा

इंजिनावर लोक सर्वाधिक वाद घालतात; माझ्या मते या क्रमात त्याचा मान चौथा. आजच्या कोणत्याही हाफ-टनचे मधले किंवा वरचे इंजिन ७,००० पौंडांचा ट्रेलर सपाटीवर सहज ओढते. फरक पडतो तो उंचीवर. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटते, आणि कोलोरॅडोतला आय-७०वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंच आहे. तिथे पोहोचेपर्यंत शक्तीचा जवळपास तिसरा हिस्सा गेलेला असतो. टर्बो असलेली इंजिने ही घट बऱ्याच अंशी भरून काढतात. रॉकी पर्वताच्या बाजूला राहणाऱ्यांनी टर्बो घ्यावा, सपाट प्रदेशात राहणाऱ्यांनी दुरुस्तीला सोपे इंजिन घ्यावे, इतपत नियम पुरेसा आहे. विजेवर चालणारे पिकअप ओढण्यात जोरकस असतात, पण मोठा ट्रेलर लावल्यावर त्यांचा पल्ला निम्म्याच्या आसपास येतो आणि बऱ्याच चार्जिंग जागांवर ट्रेलर सोडून ठेवावा लागतो. नवख्याने पहिल्याच ट्रेलरसाठी हा व्याप मागे लावून घेऊ नये.

आसाचे गुणोत्तर, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो तो आकडा, मात्र विचारून घ्यावे, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. ३.२१सारखे कमी गुणोत्तर रिकाम्या प्रवासात इंधन वाचवते, तर ३.७३ किंवा ३.९२सारखे जास्त गुणोत्तर ओढायला सोपे जाते. एकाच इंजिनाच्या दोन ट्रकांची ओढण्याची क्षमता केवळ या आकड्यामुळे हजारो पौंडांनी वेगळी असू शकते.

केबिन चार दारांची हवी हे कुटुंबाला सांगावे लागत नाही. हौदा साडेपाच फुटी घ्यावा की साडेसहा फुटी, हा प्रश्न घराच्या गॅरेजवर येऊन थांबतो. लांब हौद्याच्या ट्रकच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर अधिक असते आणि ट्रेलरपुढे तो अधिक स्थिर चालतो. परंतु साडेपाच फुटी हौद्याचा चार दारांचा एफ-१५०सुद्धा सव्वाएकोणीस फुटांहून थोडा लांब आहे, आणि अनेक घरांचे गॅरेज आतून जेमतेम वीस फूट खोल असते. डीलरकडे जाण्याआधी फीत घेऊन गॅरेज मोजावे. त्यात पाणी तापवण्याची टाकी आणि कपाटे किती पुढे आली आहेत तेही मोजावे. आमच्या ओळखीत एका गृहस्थाचा नवा ट्रक आजही गॅरेजबाहेर गारपीट सोसतो आहे.

पाचवी पायरी: जोडणीचे साहित्य

ट्रक विकत घेतानाच ‘टो पॅकेज’ असलेला घ्यावा. नंतर बसवता येते, पण मोठा रेडिएटर, गिअरबॉक्सचे तेल थंड ठेवणारा कूलर, सात पिनांचा विजेचा सॉकेट आणि ट्रेलरच्या ब्रेकचा नियंत्रक या गोष्टी कारखान्यातून आलेल्याच बऱ्या. चार पिनांच्या सॉकेटने फक्त दिवे लागतात. सात पिनांच्या सॉकेटमधून ट्रेलरच्या विजेवरच्या ब्रेकला आणि बॅटरीलाही वीज मिळते. बहुतेक राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बंधनकारक आहेत. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत ही मर्यादा आणखी खाली आहे.

रिसीव्हर (ट्रकच्या मागची चौकोनी खोबण), त्यात सरकवायचा दांडा, गोळा आणि ट्रेलरचा कपलर (गोळ्यावर बसणारी वाटी) या प्रत्येकावर वेगळी मर्यादा कोरलेली असते आणि साऱ्या साखळीची ताकद त्यांतल्या सर्वांत कमी आकड्याएवढीच असते. गोळा दोन इंची आणि दोन पूर्णांक पाच-सोळांश इंची अशा दोन मापांत प्रामुख्याने येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात. मोठ्या मापाच्या कपलरमध्ये छोटा गोळा बसतो, कुलूपही लागल्यासारखे वाटते आणि पहिल्या खड्ड्यात ट्रेलर सुटतो. कपलरवर कोरलेले माप आणि गोळ्यावर कोरलेले माप एकच आहे, हे वाचून पाहावे.

कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर चढाला लागला की त्याची पुढची चाके रस्ता सोडताना अनेकांनी पाहिली असतील. पिकअपची चाके तशी उचलली जात नाहीत, पण मागे गोळ्यावर नऊशे पौंड बसले की तोच न्याय लागू होतो: ट्रकचे बूड दबते, पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो, दिवे समोरच्या गाड्यांच्या डोळ्यांत जातात आणि स्टिअरिंग हातात पोकळ लागते. यावर उपाय म्हणजे वजन-वाटप हिच. तिच्या दोन स्प्रिंग बार, म्हणजे लवचीक पोलादी दांड्या, ताणल्या की गोळ्यावरच्या भाराचा काही हिस्सा ट्रकच्या पुढच्या आसाकडे आणि काही ट्रेलरच्या चाकांकडे ढकलला जातो. ट्रेलर डुलण्यास विरोध करणारी रचना असलेलीच हिच घ्यावी आणि येथे पैसे वाचवू नयेत. मात्र या हिचमुळे पेलोड वाढतो असा समज करून घेऊन तिसऱ्या पायरीतली बेरीज सैल करू नये.

सहावी पायरी: कागदपत्रे आणि जागा

खासगी वापराच्या ट्रक-ट्रेलरचे एकत्रित मान्य वजन २६,००० पौंडांच्या आत असेल तर बहुतेक राज्यांत नेहमीचा परवाना पुरतो. परंतु कॅलिफोर्नियात ट्रॅव्हल ट्रेलरचे जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंडांच्या वर गेले की वेगळा परवाना लागतो. ट्रेलर लावून धडक झाली तर इतरांच्या नुकसानीची जबाबदारी बहुधा ट्रकच्या विम्यातून भागते, पण ट्रेलरचे स्वतःचे नुकसान भागत नाही. त्यासाठी स्वतंत्र विमा घ्यावा. घरमालकांच्या संघाची नियमावली आधी वाचावी, कारण कित्येक वसाहतींत दारात ट्रेलर उभा ठेवायला मनाई असते आणि मग दरमहा भाड्याची जागा शोधावी लागते.

सातवी पायरी: जोडणे आणि तोलणे

ट्रेलर जोडताना पहिल्या दहा वेळा तरी कोणाशी बोलू नये. माझ्या बायकोने हा नियम घातला आणि तो योग्य आहे. प्रथम ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावावेत. कपलर गोळ्यावर टेकवून कुलूप लावल्यावर ट्रेलरचा जॅक पुन्हा वर चढवून पाहावा: गोळा खरोखर अडकला असेल तर ट्रकचे बूडही दोन इंच वर येते, नसेल तर कपलर सुटून वर येतो आणि चूक आवारातच कळते. त्यानंतर स्प्रिंग बार चढवाव्यात. सुरक्षा साखळ्या कपलरखाली फुलीसारख्या एकमेकींवरून नेऊन अडकवाव्यात, म्हणजे दांडा सुटलाच तर तो रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतो. ट्रेलर पूर्ण सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार साखळीला न अडकवता ट्रकच्या सांगाड्याला वेगळी अडकवावी. शेवटी ठोकळे काढावेत, आणि ते काढल्याचे मोठ्याने म्हणावे.

ब्रेकच्या नियंत्रकाचा जोर रिकाम्या सपाट जागेत वीस-पंचवीस मैलांच्या वेगावर ठरवावा. हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावून पाहावेत, चाके अडकून घसटू लागेपर्यंत जोर वाढवावा आणि मग थोडा उतरवावा.

आता वजनकाटा. मोठ्या ट्रक थांब्यांवर ‘कॅट स्केल’ नावाचे काटे असतात. त्यांचा पट्टा अनेक भागांत विभागलेला असल्याने पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस यांचे वजन वेगवेगळे छापून मिळते. सहलीला जाताना असेल तसे, माणसांसकट, तीनदा तोलावे: स्प्रिंग बार ताणलेल्या, स्प्रिंग बार सैल, आणि ट्रेलर बाजूला सोडून नुसता ट्रक. पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटी आमचे आकडे असे आले. नुसता ट्रक: पुढे ३,२६०, मागे २,८८०. बार सैल ठेवून ट्रेलरसह: पुढे २,९१०, मागे ४,१४०, ट्रेलरचे आस ६,०९०. बार ताणून: पुढे ३,१३०, मागे ३,६९०, ट्रेलरचे आस ६,३२०.

हे असे वाचायचे. बार सैल असताना ट्रकचे दोन आस मिळून ७,०५० पौंड, नुसत्या ट्रकचे ६,१४०. फरक ९१०, तेच टंग वेट. पुढच्या आसाने ३५० पौंड गमावले होते आणि बारनी त्यांपैकी २२० परत दिले. किती परत यायला हवेत ते ट्रकच्या मालक-पुस्तिकेत दिलेले असते; तेवढे येत नसतील तर बारच्या साखळ्यांची एक-एक कडी कमी करून किंवा हिचचा कोन बदलून पुन्हा तोलावे. ट्रकची एकूण मर्यादा ६,९५० होती. बार ताणल्यावर ६,८२० भरत होते, म्हणजे काट्यावर आम्ही आत होतो, पण पट्टीच्या बेरजेप्रमाणे बाहेर होतो आणि मोकळीक म्हणावी अशी काहीच उरली नव्हती. तेव्हापासून जनरेटर ट्रेलरच्या आसांच्या बरोबर वर ठेवला जातो आणि जळाऊ लाकडे घरून नेणे बंद केले. तसेही लाकडांतून झाडे पोखरणारे किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात, म्हणून ती मुक्कामीच विकत घ्यावीत असा तिथल्या उद्यानांचा आग्रह असतो.

आठवी पायरी: चालवणे

मागे घेण्याचा सराव रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या वाहनतळावर करावा. स्टिअरिंगच्या अगदी तळाशी एक हात धरावा. ट्रेलरचे बूड डावीकडे न्यायचे असेल तर हात डावीकडे, उजवीकडे न्यायचे असेल तर उजवीकडे. एवढ्या एका युक्तीने गोंधळ निम्मा होतो. शंका आली की थांबावे, उतरावे आणि चालत जाऊन पाहून यावे. मागे उभे राहून हातवारे करणाऱ्याशी कोणत्या हाताचा अर्थ काय हे आधी ठरवून घ्यावे, नाहीतर मुक्कामाची पहिली संध्याकाळ अबोल्यात जाते.

महामार्गावर साठ-बासष्ट मैलांचा वेग मला योग्य वाटतो. ट्रेलरसाठीच्या अनेक खास टायरांची वेगमर्यादा पासष्ट मैलांची असते, आणि कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला कायद्यानेच पंचावन्नची मर्यादा आहे. मोठा मालट्रक शेजारून गेला की हवेच्या झोताने ट्रेलर एकदा हलतो, ते साहजिक आहे. तो पुन्हा पुन्हा डुलू लागला तर ट्रकचे ब्रेक दाबू नयेत आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये. स्टिअरिंग सरळ धरावे, ॲक्सिलरेटर सोडावा आणि नियंत्रकावरून हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. मागून खेचला गेल्याने ट्रेलर सरळ होतो. नंतर जवळच्या थांब्यावर उतरून माल मागे जास्त भरला गेला आहे का ते पाहावे. कारण बहुतेक वेळा तेच असते.

‘टो-हॉल’ बटण चढासाठी आहे तितकेच उतारासाठी आहे. ते चालू असले की ट्रक उतारावर खालचा गिअर धरून इंजिनाने वेग आवरतो. घाटात उतरायला लागण्यापूर्वीच वेग कमी करावा आणि ब्रेक सतत टेकवून न ठेवता ठामपणे लावून सोडावेत. खंबाटकीच्या उतारावर तापलेल्या ब्रेकचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे कारण सांगायला नको.

नववी पायरी: निगा

ट्रेलर लावल्यावर इंधनाचा खर्च जवळपास दुप्पट होतो, हे गृहीत धरूनच सहलीचा हिशेब करावा. इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे तेल पुस्तिकेतल्या ‘कठोर वापर’ या रकान्याप्रमाणे बदलावे. ट्रेलरच्या चाकांचे नट काढून पुन्हा लावले असतील तर पहिल्या पन्नास मैलांनंतर टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत. बेअरिंगला वर्षातून एकदा ग्रीस द्यावे. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात: टायरच्या बाजूला कोरलेल्या क्रमांकातले शेवटचे चार अंक वाचावेत, ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२वा आठवडा, आणि पाच-सहा वर्षांनी रबर चांगले दिसत असले तरी टायर बदलावेत. बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी हिवाळ्याआधी नळांतले सगळे पाणी काढून ट्रेलरसाठीचे गुलाबी अँटीफ्रीझ भरावे, नाहीतर वसंतात फुटलेल्या नळ्या शोधत बसावे लागते.

आणि दर हंगामाच्या पहिल्या सहलीला पुन्हा काट्यावरून जावे. दुसऱ्या वर्षी आमचा ट्रेलर ३४० पौंडांनी जड भरला. नवीन काहीच घेतलेले नाही असे दोघांनीही शपथेवर सांगितले. मग कपाटे उघडली, तेव्हा दोन प्रेशर कुकर, इडलीपात्र, बिडाचा तवा, तांदळाची न उघडलेली गोणी, मागच्या वर्षी मुलांनी नदीकाठी जमवलेले दगड भरलेली बादली आणि पाण्याची काठोकाठ भरलेली टाकी, असा सगळा ऐवज सापडला.